बंबात गेलेले भोपळे

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी टाळत आले — त्याला माहीत असेलच म्हणा, पण मी आपणहून तोंड उघडलं नाही. मग आज तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू, मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही समोर बसला आहात, घाईत दिसत नाही, एवढंच.

पण आधी जिंकल्याची गोष्ट सांगते. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि ती सांगताना मला अजूनही मजा येते — हेसुद्धा कबूल करून टाकते.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. पार्ल्यात आमची बालवाडी होती. बालवाडी म्हणजे काय, तर एका मंडळाच्या हॉलमागची पडवी, दोन सतरंज्या, एक फळा, लाकडी ठोकळ्यांची पेटी आणि मी. बाविशीतली, शिशुशिक्षणाचा अभ्यासक्रम नुकता पुरा केलेली, नाकावर माशी बसू न देणारी. तीन-चार वर्षांच्या पोरांना शाळेत घालायचं, हीच तेव्हा लोकांना थट्टा वाटायची. एवढ्याशा पोरांना तुम्ही शिकवणार काय, शेंबूड पुसायला? असं मला तोंडावर विचारलेलं आहे. मी म्हणायची, हो, तेही शिकवते, तुम्हाला कुणी शिकवलं होतं?

त्या पडवीवर मंडळातल्या पुरुषांचा डोळा होता. त्यांना तिथे संध्याकाळचा कॅरम आणि पत्ते हवे होते. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब — काळा कोट, काळी टोपी, सरकारी कचेरीतला मोठा हुद्दा आणि आवाज त्याहून मोठा — त्यांनी मला बोलावून सांगितलं की वर्षअखेरीला मेळावा घ्या, पोरांनी काय केलं ते मांडा, आम्ही बघू. पटलं तर पडवी तुमची. नाही पटलं तर जूनपासून कॅरमची.

म्हणजे सगळं त्या एका मेळाव्यावर आलं. माझी नोकरी तर होतीच त्यात, पण नोकरीचं सोडा. पार्ल्यातल्या एका पोरीने हट्टाने उभं केलेलं काहीतरी टिकतं की नाही, हा प्रश्न होता. निदान मला तरी तो तेवढा मोठा वाटत होता.

मी गोष्ट निवडली भोपळ्यातल्या म्हातारीची. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत तिला खायला टपलेले वाघ-लांडगे, जाडजूड होऊन येते म्हणून त्यांना थापा मारून निसटणं आणि परतताना भोपळ्यात बसून टुणटुण करत घर गाठणं — मराठी घरातल्या पोराला ही गोष्ट सांगावी लागते का? ती दुधाबरोबरच पोटात जाते. मी ठरवलं की महिनाभर या एका गोष्टीशिवाय दुसरं काही करायचं नाही. नुसती ऐकायची नाही. हातांनी करायची.

आणि काय महिना होता तो! कापसाच्या म्हाताऱ्या झाल्या, त्यांना चिंध्यांची लुगडी झाली. काथ्याची आयाळ लावून सिंह झाले. काजळाचे पट्टे ओढून वाघ झाले, आणि वाघ होता होता पोरांची तोंडंही वाघ झाली. आया न्यायला आल्या तेव्हा आपलं कुठलं ते ओळखेनात. मातीचे लाडू वळले. एकाने तो खाऊनही पाहिला. पडवीत एका टोकाला जंगल, दुसऱ्या टोकाला लेकीचं घर, आणि मधून पोरं उकिडवी बसून उड्या मारत भोपळे होऊन जायची. मी शिकले होते ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर हलत होतं, बोलत होतं. मी घरी परतताना रस्त्याने गुणगुणत जायची. आनंद म्हणजे दुसरं काय असतं?

सगळ्यांत शेवटी भोपळे. वाटी उपडी घालायची, तिच्यावर रद्दी कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, वाळल्या की सोडवायच्या. असे दोन अर्धे जोडले की झाला भोपळा, मग वरून पिवळा घोटीव कागद. पडवीत उंदीर होते आणि खळ म्हणजे त्यांची मेजवानी. म्हणून मी सगळे भोपळे टोपलीत घालून वाळवायला माझ्या घरी घेऊन गेले, गच्चीवर.

आता चांगुणाबद्दल सांगायला हवं. इथे माझी जीभ जरा जड होते.

चांगुणा साडेचार वर्षांची. जुहूच्या कोळीवाड्यातली. तिची आई हिराबाई सकाळी पाटी घेऊन पार्ल्यात मासळी विकायला यायची आणि पोरीला आमच्या पडवीत सोडून दारोदार फिरायची. बाकीची सगळी पोरं ऑफिसात जाणाऱ्यांची, वकिलांची, डॉक्टरांची. दोघी-तिघी आयांनी मला सुचवून पाहिलं की हिला जरा वेगळी सतरंजी द्या, वास येतो. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, वास तिला तुमच्या पोरांच्या डोक्यावरच्या तेलाचाही येत असेल, ती बिचारी काही बोलत नाही. हा प्रसंग मी पुढे शंभरदा सांगितला आहे, दर वेळी थोडा खुलवून. चांगुणाच्या बाजूने उभी राहणारी म्हणजे मी — ही माझी स्वतःबद्दलची कल्पना होती.

तर या चांगुणाने भोपळा केलाच नाही. तिने एकच अर्धं केलं, सरळ मांडलं, मधे खराट्याची काडी रोवली, काडीला पतंगी कागदाचं शीड लावलं आणि आत कापसाची म्हातारी बसवली. मी म्हटलं, अगं, दुसरं अर्धं कुठे? म्हातारी आत लपायला नको का? तर म्हणाली, "बंद केला तं आजी गुदमरंल ना." तिची आजी मढची. लेकीकडे म्हणजे हिराबाईकडे यायची ती खाडीतून होडीत बसून. लेकीकडे जाणारी म्हातारी पोरीने डोळ्यांनी पाहिलेली होती, आणि ती काही टुणटुण करत येत नव्हती. मी हसले. छान म्हटलं. मनात म्हटलं, हिच्या या होडीचं आपण नंतर बघू.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेले. आणि माझी पाचावर धारण बसली.

भोपळे कसले ते! कुणाचा पोचा आलेला, कुणाचा बसका, कुणाचा फाटून आतलं वर्तमानपत्र बाहेर डोकावतंय. पिवळा कागद कुठे आहे, कुठे नाही. एक तर सरळ बटाटा दिसत होता. रोज पोरांत बसून पाहताना ते मला गोड वाटले होते, आता मी ते आप्पासाहेबांच्या डोळ्यांनी पाहिले. काळा कोट घालून पाहिले म्हणा ना. आणि मला स्वच्छ दिसलं — हा कचरा ते बघणार, हसणार, आणि जूनपासून पडवीत कॅरमच्या सोंगट्या वाजणार.

आई कीर्तनाला गेली होती. मी दार लावून घेतलं. आणि — सांगते, सांगते — मी सगळे भोपळे नव्याने केले. एकूण एक, शेगडीच्या धगीवर भराभर वाळवत. गोल, घट्ट, वर केशरी रेघा, हिरवा देठ, देठाला वळण. माझा हात चांगलाच होता हो. प्रत्येकाला पोराच्या नावाची चिठ्ठी लावली. चांगुणाचाही केला. तिची ती होडी मांडली असती तर आप्पासाहेबांनी विचारलं असतं, गोष्ट भोपळ्याची आणि हे काय? मी काय उत्तर देणार होते? म्हणून तिलाही एक गोल पिवळा भोपळा दिला, इतरांसारखाच. उलट वाटलं की बरंच झालं, कुणी म्हणायला नको की कोळ्याच्या पोरीला जमलं नाही.

आणि पोरांचे ते? दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना बंबात घातले. छान पेटले. खळ आणि कागद, पेटायला काय वेळ? त्यात चांगुणाचं शीडही गेलं. त्याच पाण्याने मी नाहले, नवं पातळ नेसले आणि हॉलवर गेले.

मेळावा झाला, आणि असा झाला की पार्ल्यात त्याची बरेच दिवस चर्चा होती. पोरं उकिडवी उड्या मारत आली, वाघ डरकाळी विसरला आणि आईकडे पळाला, हॉल हसून हसून बेजार. मग टेबलावरची चादर दूर केली आणि भोपळे दिसले. आया तोंडात बोट घालून बघत राहिल्या. माझ्या बंड्याने केला हा? माझ्या शालूने? आणि पोरं — हे मला सगळ्यांत नवल वाटलं — पोरं आपापला भोपळा हातात घेऊन नाचायला लागली. माझा, माझा! कुणाला शंका नाही, कुणाला आठवण नाही. सुंदर वस्तूवर आपलं नाव आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? मी तरी कुठे म्हटलं?

आप्पासाहेबांनी चिठ्ठ्या वाचत वाचत एक भोपळा उचलला. विचारलं, चांगुणा कोण? ती पुढे आली. फ्रॉक नवा, केसांना तेल, कपाळाला टिकली. हा तू केलास का बाळ, असं त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं. त्यांच्या तोंडून बाळ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"नाय," चांगुणा म्हणाली. "ह्यो माजा नाय. माजी होरी व्हती."

होरी म्हणजे होडी. हॉलमधल्या निम्म्या लोकांना कळलं नाही, निम्मे हसले. आप्पासाहेबांनी भोपळा उलटासुलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. तो टेबलाचा कोपरा, तो पंखा, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज — सगळं मला जसंच्या तसं आठवतं. एक वाक्य बोलायचं होतं. पोरगी खरं सांगते आहे, एवढंच. मग पडवी गेली असती. बालवाडी गेली असती. कदाचित गेलीही नसती, कोण सांगणार? मी ते वाक्य बोलून पाहिलंच नाही.

मी तिच्याजवळ गेले, वाकले आणि गोड आवाजात — तो आवाज शिक्षणात मिळतो — म्हटलं, "चांगुणा, असं खोटं बोलू नये हं. परवा माझ्याशेजारी बसून नाही का केलास तू हा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिला नुसतं कळेना. मी विसरले की काय, असं तिला वाटलं असावं. म्हणून तिने मला समजावल्यासारखं पुन्हा सांगितलं, हळू, की माझी होडी होती, तिला शीड होतं, तुम्ही छान म्हटलंत.

हिराबाई मागे दाराशी उभी होती. सतरंजीवर बस म्हटलं तरी बसली नव्हती, रिकामी पाटी बाहेर ठेवून आली होती. एवढ्या सुशिक्षित माणसांत आपल्या पोरीने बाईंना उलट उत्तर केलं, या शरमेने ती गर्दीतून वाट काढत आली आणि तिने चांगुणाच्या तोंडात मारली. "बाईला खोटी पारते? कान धर! कान धर आदी!"

चांगुणाने कान धरला नाही. रडलीही नाही. हिराबाईने दंडाला धरून हलवलं, दोन आयांनी गोंजारून पाहिलं, आप्पासाहेबांनी पेढा पुढे केला. साडेचार वर्षांची पोर, सगळा हॉल एका बाजूला — आणि ती ढिम्म हलली नाही. आणखी एकदा म्हणाली, माजा नाय, आणि भोपळा टेबलावर परत ठेवला. अहो, काय पोरगी होती! आज सांगतानाही माझी मान ताठ होते. मी आयुष्यात पुष्कळ शूर म्हणवणारी माणसं पाहिली, पण त्या हॉलमधलं ते पोर मी पुन्हा पाहिलं नाही.

मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, असू द्या, लहान आहे, माझा राग नाही. टाळ्या पडल्या. आप्पासाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पडवी बालवाडीची, यापुढे कुणी विषय काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. मनातून मी तशी इच्छाच करत होते. पण ती आली. सतरंजीवर बसली, वाटी मागितली, कागद मागितला, खळ मागितली. दोन दिवसांत तिने तशीच दुसरी होडी केली, शीड लावलं आणि आणून माझ्या टेबलावर ठेवली. आणि वाट बघत उभी राहिली. पडवीत आम्ही आणि पोरंच होतो. कुठला आप्पासाहेब नव्हता, कसली भीती नव्हती. मी म्हटलं, छान झाली, जा, हात धुऊन ये.

त्यानंतर मी कानाला खडा लावला. पोरांच्या कामाला पुन्हा कधी हात लावला नाही. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात टेबलावर पोचे आलेले वाघ होते, एका डोळ्याचे सिंह होते, आणि मी छाती काढून उभी होते. आप्पासाहेब कुरकुरले, तर त्यांनाच मी खाली बसवून एक वाघ करायला लावला! त्यांचा पोरांपेक्षा वाईट झाला. हॉल दणाणला. मग अंधेरीहून, मुलुंडहून, घाटकोपरहून बायका बघायला यायला लागल्या. मी त्यांना शिकवायची: पोराच्या हातावर आपला हात ठेवायचा नाही, त्याचं वाकडं ते त्याचं. हे माझं वाक्य म्हणून पसरलं. कितीतरी बालवाड्या त्या वाक्यावर उभ्या राहिल्या, आणि चांगल्या चालल्या. तो विजय खरा आहे, त्यात खोट नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. हे तुम्हाला कुठून सुचलं, असं प्रत्येक जण विचारायचा. मी म्हणायची, अनुभवातून. आणि हार घालून घ्यायची.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, तरुण होतात, घाबरलात, पुढे सुधारलात. मीही स्वतःला हेच सांगत होते. पुष्कळ वर्षं सांगितलं. आणि आत कुठेतरी एक दिलासा धरून होते — चांगुणाला खरं माहीत आहे. जगात आणखी एक माणूस आहे ज्याला माहीत आहे. ती तेव्हा हरली नाही, म्हणजे मी तिचं काही फारसं बिघडवलेलं नाही. हा दिलासा किती सोयीचा होता, दिसतंय ना?

मग एका जूनमध्ये ती आली. वेसाव्याला दिली होती तिला, नवरा बोटीवर, सासर पार्ल्यापासून लांब. तरी मुलीला घेऊन माझ्याच बालवाडीत आली होती, दुसरीकडे घालायची नाही म्हणून. उंच, काळीसावळी, हसरी. मी तिला लगेच ओळखलं. वाटलं, आता बोलणार. खरं सांगू, वाटलं — बोल गं बाई एकदाची.

तिने मुलीला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "बाईंचं ऐकायचं. आणि त्यांच्याशी खोटं कधी बोलायचं नाय. तुझी आय एकदा बोललेली, सगल्यांसमोर."

मग माझ्याकडे पाहून लाजून हसली. म्हणाली, आय मरेपर्यंत ती गोष्ट सांगायची, दर सणाला, आल्या-गेल्याला — आमच्या चांगुणाने बाईला खोटी पाडली. मला काय आठवत नाय बाई, लय लहान होते. पण तुम्ही तेव्हा रागावला नाय, एवढं मोठं मन तुमचं. ते मी विसरले नाय.

म्हणजे काय झालं होतं, कळलं ना? त्या दिवशी सगळ्या हॉलला तिच्याकडून जे हिसकावता आलं नव्हतं, ते नंतर घरच्या घरी, सणासुदीला, हसत हसत गेलं होतं. तिची होडी, तिचं शीड, तिचं खरं. शिल्लक काय राहिलं होतं? ती खोटारडी, आणि मी मोठ्या मनाची.

पडवीत तेव्हाही आम्हीच होतो. ती, तिची मुलगी आणि मी. तुम्हाला सांगते, मी तोंड उघडलं होतं. शब्द ओठांवर आले होते. आणि मी म्हटलं, "अगं, लहान होतीस तू. मी तुला केव्हाच माफ केलं."

तिचा चेहरा उजळला. ती वाकली, दोन्ही हात लावून माझ्या पाया पडली, आणि मुलीलाही पडायला लावलं. मी पाय मागे घेतले नाहीत.